रंगीत तालमीचं जेवण

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

बारापर्यंत रेस्टॉरंटला फायनल आकडा कळवायचाय आणि मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलेय. हे झोपायला गेले, जाताना जिन्यातून म्हणाले, "त्रेचाळीस लिही, वर एकसुद्धा नको." खाली बेसमेंटमध्ये नणंदबाई जेट लॅगने टक्क जाग्या आहेत, मधूनमधून पेला ठेवल्याचा आवाज येतोय.

शुक्रवारी रिहर्सल डिनर, शनिवारी लेकाचं लग्न. सकाळी आपल्या पद्धतीने, दुपारी त्यांच्या पद्धतीने. सून अमेरिकन, गोड पोरगी आहे, मला "आई" म्हणते पण ते "आय" असं ऐकू येतं. तर आदल्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, कोण कुठून चालत येणार, कोण कुठे उभं राहणार याची प्रॅक्टिस करायची आणि मग एकत्र जेवायचं. नणंदबाईंना सातारला फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नाची रंगीत तालीम? नाटक आहे का वहिनी?" मी म्हटलं, ताई, तालीम बिनपैशाची आहे, जेवणाचे पैसे पडतात, आणि ते इथल्या रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी द्यायचे असतात.

झालं. "मुलाकडचे आपण आणि खर्चही आपणच करायचा?"

हो ना. आयुष्यभर ऐकलं की वरमाय झालीस की तुझा मान. आणि माझी पाळी आली तेव्हा मी एक्सेल शीट घेऊन बसलेय. म्हणजे आपल्याकडच्या सीमांतपूजनाच्या रात्रीचंच जेवण हे, फक्त उलटं. तिथे मुलीचे वडील जावयाचे पाय धुतात आणि वऱ्हाडाला जेवायला घालतात, इथे मुलाचे आईवडील मुलीकडच्यांना घालतात. पाय धुवायचे नाहीत एवढीच सूट.

आम्ही दोघांनी जानेवारीतच ठरवलं होतं की ३,५०० डॉलरच्या वर जायचं नाही. मग यादी करायला घेतली. ब्राइड्समेड्स म्हणजे तिच्या करवल्या आणि ग्रूम्समेन म्हणजे ह्याच्या बाजूचे तसेच दोस्त, मिळून दहा, त्यातल्या सहांचे नवरे-बायको-पार्टनर, नवरानवरी दोन, तिच्या घरचे पाच, आम्ही दोघं, मुलगी, जावई, पास्टर आणि त्यांची बायको, आपले गुरुजी. तीस. लेक म्हणाला परफेक्ट, आई, हे जेवण लहानच असतं. मी म्हटलं, थांब, भारतातून सोळा तास विमानात बसून येणारी नऊ माणसं आदल्या रात्री हॉटेलवर काय चिप्स खाणार? झाले एकोणचाळीस. आणि आमचे इथले चार घरचे आठ जण, ज्यांनी ह्याला अंगाखांद्यावर खेळवलं, ह्याचे पहिले दात पडलेले पाहिले, त्यांना कसं वगळायचं? सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस माणसांचा पहिला कोटेशन आला तो एका चकचकीत स्टेकहाउसचा. माणशी ८५ जेवण, ४५ ओपन बार, त्यावर २२ टक्के सर्व्हिस चार्ज, शिवाय जेवण-बारच्या रकमेवर न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. ७,८५९ डॉलर. आणि बार सगळ्या मोठ्यांना कम्पल्सरी, प्यायला कोण पितं त्याच्याशी त्यांना घेणं नाही. माझी नणंद पाणीसुद्धा कोमट करून पिते, तिच्या नावाने ४५ डॉलरची दारू. गुरुजींच्या नावाने ४५. मी त्या मॅनेजर मुलीला विचारलं की जे पीत नाहीत त्यांचं काय, ती हसून म्हणाली, त्यांना सोडा अनलिमिटेड. ४५ डॉलरचा सोडा प्यायचा म्हणजे नणंदबाईंना तिथेच मुक्काम करावा लागेल.

मार्ग सापडला तो आपल्या न्यू जर्सीच्याच एका विचित्रपणामुळे. इथे बारचं लायसन्स गावाच्या लोकसंख्येवर मिळतं, तीन हजार माणसांमागे एक, त्यामुळे लायसन्स विकत घ्यायचं म्हटलं तर किंमत छोट्या हॉटेलवाल्याच्या आवाक्याबाहेर. मग ते लायसन्स घेतच नाहीत आणि गिऱ्हाइकाला सांगतात, तुमची बाटली तुम्ही आणा. बीवायओबी. फक्त वाइन आणि बिअर चालते, व्हिस्की वगैरे नाही. इतकी वर्षं इथे राहून मी हे फक्त पाटी म्हणून वाचलं होतं, यातून दोन हजार डॉलर वाचतात हे डोक्यातच आलं नाही. एका बाटलीत पाच ग्लास होतात, आमच्यात पिणारे तीसेक, त्यातले अर्धे बिअरवाले, म्हणजे दहा बाटल्या पुष्कळ झाल्या. १४ डॉलरवाली बरी मिळते, सुनेला विचारून घेतली, तिच्या आईला तीच आवडते म्हणे. बिअर धरून २००च्या आसपास. बारचे ४५ गुणिले ४७ कुठे आणि हे २०० कुठे.

रेस्टॉरंट छोटं इटालियन आहे, मागे एक वेगळी खोली. माणशी ४८, फॅमिली स्टाइल. म्हणजे काय असतं तर टेबलावर मोठमोठी ताटं येतात, सॅलड, पास्ता, चिकन, वांग्याचं एगप्लांट पार्मेजान, आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचं, संपलं की पुन्हा आणतात. मालकाने हे मला इतकं समजावून सांगितलं की मला हसूच आलं. अरे बाबा, ही पंगत आहे, आम्ही जन्मापासून जेवतोय. फक्त आग्रह करणारं कोणी नसतं, ते मी बघेन. पेने व्होडका, म्हणजे व्होडका घातलेल्या सॉसचा पास्ता, मात्र मेनूतून काढायला लावला, नाहीतर "यात नक्की काय घातलंय" हा प्रश्न नणंदबाई पास्टरांच्या बायकोला विचारणार.

गोडात तिरामिसू आहेच. पण मला जिलबी हवी होती. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून सहा पाउंड आणायची, साठेक डॉलर. तर मालक म्हणतो बाहेरचं डेझर्ट आणलं तर माणशी दोन डॉलर केक कटिंग फी. मी म्हटलं, जिलबी कापायची कुठून, सुरुवात तरी दाखव. तो म्हणाला प्लेटिंग, मॅम. सत्तेचाळीस गुणिले दोन. हे म्हणाले जिलबी राहू दे. मी म्हटलं जिलबी राहणार नाही.

इथल्या आठ जणांचा प्रश्न आपोआप सुटला. मी चाचरत मैत्रिणीला फोन केला की अगं, असं असं आहे, जागा कमी आहे. ती म्हणाली, वेडी का, आम्ही चौघी मिळून केळवण करतोय ना, गेल्या रविवारी ठरलंय, तुला सांगायचंच राहिलं. त्यांनी परवाच्या रविवारी पुरणपोळ्या केल्या, सुनेने तीन खाल्ल्या, ताटाभोवती रांगोळी बघून रडली. आमचा खर्च शून्य. तर पुन्हा एकोणचाळीस. मग काल विहीणबाईंचा फोन, त्यांचा भाऊ सहकुटुंब ओहायोहून ड्राइव्ह करत येतोय, चार जणं, चालेल का? मी म्हटलं ऑफ कोर्स. त्रेचाळीस. ह्यांचा आकडा बरोबर आहे, आकड्याबद्दल भांडण नाहीच.

पण संध्याकाळी माझ्या भावाने सातारहून व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. आईचं कपाट आवरताना नानांची वही सापडली, मे १९९४, माझ्या लग्नाची. वर मधोमध 'श्री', खाली नानांचं ते तिरकं, शाळामास्तरी अक्षर. सीमांतपूजन, रात्रीचं जेवण. मसालेभात, अळूची भाजी, पुरी, जिलबी, मठ्ठा. आचारी मजुरी वेगळी, वाढपी सहा. आणि समासात, पेन्सिलीने: "वरपक्ष ६० सांगितले. ८५ धरावे."

मी तो फोटो मोठा करून करून बघितला. मला त्या रात्रीचं एवढंच आठवतं की मी शालू सांभाळत बसले होते आणि आई, काकू, मामी सगळ्यात शेवटी जेवल्या, जिलबी संपली होती, मामी म्हणाली मला नाहीतरी गोड नको असतं. मामीला गोड किती आवडायचं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे नानांनी पंच्याऐंशी धरले तरीही कमीच पडलं. किती आले होते कोण जाणे, वहीत नंतर काही लिहिलेलं नाही, एकदम पुढच्या पानावर घोड्याचे पैसे.

फोटो ह्यांच्यापुढे धरला. म्हटलं, यातले तुमच्या ऑफिसचे किती होते? चष्मा लावून बघत बसले बराच वेळ. मग म्हणाले, "चौदा असतील." मग म्हणाले, "त्या वेळी कळत नव्हतं गं." मग पाच मिनिटांनी, तरीही, "त्रेचाळीस लिही, इथे लोक आरएसव्हीपी करतात, सांगितलंय तेवढेच येतात."

खरंय ते. इथे सांगितलेत तेवढेच येतात. आणि गॅरंटी दिली की कोणी आलं नाही तरी पैसे द्यावेच लागतात, एका पानाला टिप आणि टॅक्स धरून ६१ डॉलर, चार पानं म्हणजे २४३. दहा बाटल्या वाइन, सगळी बिअर आणि वर थोडे.

पण ओहायोवाल्यांच्या गाडीत आजीला घ्यायचं चाललंय असं विहीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. गुरुजींना रात्रीची गाडी चालवता येत नाही, त्यांना मुलगा सोडायला येणार, त्याला काय पार्किंगमध्ये बसवायचं? आणि फोटोग्राफर पोरगी. आणि एक असंच.

सगळं धरून ३,२१० होतात. जिलबीचं प्लेटिंगसुद्धा धरलंय त्यात.

अकरा पंचावन्न. सत्तेचाळीस लिहून पाठवलं. नणंदबाई वर आल्या, विचारतायत काही खायला आहे का. ह्यांना सकाळी सांगेन.