गाठ निघाली, पोकळीचं काय?

लम्पेक्टमीत (स्तन न काढता त्यातली फक्त कर्करोगाची गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत) गाठ बाहेर आली की सगळ्यांचं लक्ष ट्रेमधल्या तुकड्यावर. त्याचा एक्स-रे निघतो, त्याच्या कडांना शाई लागते, तो पॅथॉलॉजीकडे जातो. पण कर्करोग उरलाच असेल तर तो आत, पोकळीच्या भिंतीवर असतो, आणि ती भिंत आपण बोटानं चाचपून सोडून देतो.

इन्व्हेजिव्ह (आसपासच्या ऊतीत शिरलेल्या) कर्करोगात शाईला कर्कपेशी टेकली नाही की मार्जिन, म्हणजे गाठीभोवतीची निरोगी कड, पुरेसं धरतात; निव्वळ डीसीआयएसमध्ये (दुधाच्या नळीतच असलेल्या कर्करोगात) २ मिमी लागतं. हे कळेपर्यंत टाके पडून काही दिवस झालेले असतात. मार्जिन पॉझिटिव्ह आलं, म्हणजे कडेला कर्कपेशी सापडल्या, की पुन्हा भूल आणि पुन्हा तीच जखम.

पोकळीच तपासण्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, एप्रिल २०२४ मध्ये पेगुलिसियानिन (लुमिसाइट) हे चमकणारं औषध आणि त्याच्या जोडीच्या प्रोबला (ती चमक टिपायला पोकळीत घालायच्या उपकरणाला) मान्यता दिली. शिरेतून जाताना हे औषध विझलेलंच असतं. गाठीत आणि तिच्या आसपास कॅथेप्सिन, मेटॅलोप्रोटिनेज ही एन्झाइम्स जास्त असतात. ती रेणू तोडतात आणि दाबून ठेवलेला रंग चमकायला लागतो. म्हणजे प्रोब माग काढतो एन्झाइमचा, कर्कपेशीचा नव्हे. पुढचे बरेच घोळ इथूनच सुरू होतात.

डोस किलोमागे १ मिग्रॅ, ३ मिनिटांत, इमेजिंगच्या २ ते ६ तास आधी. तयार द्रावण १० मिग्रॅ प्रति मिली असतं, म्हणजे ६० किलो वजनाला ६ मिली. कुपी ३९ मिग्रॅची, त्यामुळे दोन फोडाव्या लागतात. आधीची केस लांबली की ही वेळ हातची जाते, म्हणून इंजेक्शनची वेळ ओटीच्या यादीशी जुळवून ठरवा. ॲनाफिलॅक्सिसचा (जीवघेण्या ॲलर्जीचा) ठळक इशारा औषधावर छापलेला आहे: ॲड्रेनॅलिन हाताशी हवं आणि इंजेक्शननंतर निदान १५ मिनिटं नजर हवी. लघवीचा रंग बदलतो, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर रात्री वॉर्डात घबराट.

हमखास होणारी चूक निळ्या डायची. सेंटिनेल नोड (कर्करोग पसरताना सर्वांत आधी गाठतो ती लसिका ग्रंथी) शोधण्यासाठी मेथिलीन ब्लू किंवा आयसोसल्फान ब्लू वापरायचा असेल तर तो पोकळीचं इमेजिंग झाल्यावरच द्या. आधी दिला तर तो प्रोबच्या प्रकाशातच लुडबुड करतो.

नेहमीची लम्पेक्टमी पूर्ण करून मगच प्रोब आत घाला. साचलेलं रक्त टिपून घ्या. प्रोबचं टोक एका वेळी २.६ सेंमी व्यासाचा गोल बघतं, म्हणून वर, खाली, आत, बाहेर, पुढे, मागे अशा सहाही बाजूंनी गोल एकमेकांवर थोडे चढवत फिरा. टोक भिंतीला नीट टेकलेलं हवं. खोल पोकळीचा कोपरा सुटतो तो इथेच. पडद्यावर लाल दिसलं की त्या जागेचा पातळ शेव्ह (भिंतीचा काप) घ्यायचा आणि नवी भिंत पुन्हा बघायची.

पण लाल म्हणजे कर्करोगच असं नाही. एन्झाइम्स निरोगी ऊतीतही असतात. आणि लाल नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. या औषधाच्या इनसाइट चाचणीत विशिष्टता (कर्करोग नसताना लाल न दिसण्याचं प्रमाण) ८५.२ टक्के होती, संवेदनशीलता (कर्करोग असताना लाल दिसण्याचं प्रमाण) मात्र ४९.३ टक्के. तरी ३५७ पैकी २७ जणींमध्ये नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेला कर्करोग या शेव्हमधून निघाला, आणि मार्जिन पॉझिटिव्ह असलेल्या ६२ पैकी ९ जणींची दुसरी शस्त्रक्रिया टळली. आमच्या मते हे यंत्र पॅथॉलॉजीच्या जागी नाही, तिच्या आधी बसतं. पडदा कोरा आहे म्हणून संशयाची जागा सोडून देणं हा त्याचा सर्वांत वाईट वापर.

प्रत्येक शेव्ह वेगळ्या डब्यात घाला, बाजू लिहा आणि नव्या पृष्ठभागावर टाका घालून खूण करा. ती राहिली तर शाई कुठल्या बाजूला लावायची हे पॅथॉलॉजिस्टला कळत नाही, आणि तो शेव्ह मार्जिनच्या कामाचा उरत नाही.