नेगोम्बोचा किनारा, ऑगस्ट २०१९

आज समुद्रावर जाताना आईची पिशवी दोनदा तपासली. दुसऱ्या वेळी चर्चच्या रस्त्यावर. सैनिक अगदी कोवळा, विशीतला असेल. त्याने लाडवांचा डबा उघडला, वास घेतला आणि झाकण नीट दाबून परत दिला. आईने एक लाडू पुढे केला तर हसून मान हलवली. ड्यूटीवर होता.

२१ एप्रिलला, ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेत तीन चर्च आणि कोलंबोतल्या तीन मोठ्या हॉटेलांत स्फोट झाले. अडीचशेहून जास्त माणसं गेली. इथलं सेंट सेबॅस्टियन चर्च त्यातलंच. आणीबाणी अजून लागू आहे. पर्यटक परत यावेत म्हणून १ ऑगस्टपासून आपल्याला व्हिसाचे पैसेही माफ केलेत. घरचे सगळे म्हणत होते, तिकिटं रद्द कर. मला मात्र २६/११ नंतरचं कुलाबा आठवत होतं, गिऱ्हाइकाची वाट बघत दारात उभे राहिलेले दुकानदार. नाही केली रद्द.

सात खोल्यांच्या गेस्ट हाऊसमध्ये आम्ही दोघीच. मालकीणबाईंनी तरी सातही खोल्यांच्या चादरी बदलून ठेवल्यात. ते बघून पोटात तुटलं.

किनाऱ्यावर काथ्याच्या चटयांवर मासळी वाळत होती. आई म्हणाली, "अगं, आपल्या हर्णैसारखाच वास!" आणि तिथल्या बाईंशेजारी बसून मासे उलटायला लागली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, तरी तासभर बसल्या होत्या.

उद्या सकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जायचंय. आईनेच ठरवलंय.