टबातली पात

गेल्या कांदेनवमीला दुपारी शेजारच्या काकूंनी आमच्या गॅलरीतली कांद्याची पात कापून नेली. चोरून नव्हे. त्यांची किल्ली आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे, असा आमचा वीस वर्षांचा व्यवहार आहे. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ओट्यावर झाकलेली वाटी, वाटीत झुणका आणि झाकणावर चिठ्ठी : ‘पात पोचट निघाली गं. चवच नाही. शेणखत घालत जा.’

चव नसायचीच. ती कांद्याची पात नव्हती.

मग काय होती, हे सांगायचं तर पंचाईत आहे. नर्सरीवाल्याला फोटो दाखवला होता, तो म्हणाला, ‘मॅडम, हे उपटून फेकायचं असतं.’ वनस्पतिशास्त्रवाले तिला एलिओकॅरिस डल्सिस म्हणतात. पहिला शब्द ग्रीकमधून आलेला, त्यात दलदल आहे आणि शोभा आहे; दुसरा लॅटिन, म्हणजे गोड. इतकं लडिवाळ नाव असलेल्या वनस्पतीला आपल्याकडे नुसतं लव्हाळं म्हणून मोकळे होतात. पाण्याच्या काठी उभं राहतं आणि वाऱ्यानं वाकतं, ते सगळंच लव्हाळं. पुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आम्ही सगळ्यांनी शाळेत निबंधात घातलं. लव्हाळं बघितलेलं मात्र वर्गात दोघातिघांनीच.

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. दिसायला हुबेहूब पात. हिरव्या, गोल, पोकळ काड्या, चिखलातून सरळ वर आलेल्या. पानं नाहीतच. बुडाशी तांबूस पापुद्रा असतो, पानाचं म्हणून जे काही उरलंय ते तेवढंच. स्वयंपाकपाणी सगळं काडीकडे. फूल येतं तेही काडीच्या टोकाला, काडीएवढ्याच जाडीचं, पेन्सिलीला टोक केल्यासारखं. कुणी पाहुणा ते बघून ‘अय्या, फूल आलं!’ म्हणेल ही आशा मी सोडून दिली आहे.

अठ्ठावीस काड्या होत्या. सात उरल्या.

हा आकडा मला माहीत आहे, कारण मी काड्या मोजते. रोज सकाळी, चहा हातात घेऊन. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. एकदा ह्यांनी तो दुधाचा हिशोब समजून दूधवाल्याला 26 लिटरचे पैसे दिले. दूधवाला प्रामाणिक, त्यानं परत केले. पण तेव्हापासून घरात या वनस्पतीबद्दल थोडं वातावरण आहे.

टब म्हणजे लेकीचा आंघोळीचा टब. गुलाबी, आतल्या बाजूला बदकाचं चित्र. लेक आता पुण्यात नोकरी करते. माळ्यावरून तो टब खाली काढला तेव्हा ह्यांना वाटलं, भंगारात देतेय. मी त्यात मामाच्या तलावाचा चिखल घातला. आधी शहाणपणा करून नर्सरीतली तयार माती आणली होती. तिच्यात निम्मं कोकोपीट. पाणी ओतल्याबरोबर कोकोपीट वर आलं आणि सगळी बाग गॅलरीभर तरंगत मोरीकडे निघाली. चिखलाला चिखलच लागतो.

मामाचा तलाव म्हटलं की आमच्या भागातली माणसं हसतात. भंडारा-गोंदियाकडे गावोगाव जुने तलाव आहेत. कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या, म्हणजे शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात गेलेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशात होता. मालगुजार गेले, तलाव राहिले. सरकारी कागदावर ते माजी मालगुजारी तलाव झाले आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. माझ्या मामाचं गाव अर्जुनी-मोरगावकडे, गावाला लागून मामा तलाव. म्हणजे तो माझ्या मामाचाच, याबद्दल मला दहाव्या वर्षापर्यंत शंका नव्हती. नागपूरच्या शाळेत मी तसं सांगितलेलंही आहे. एका मैत्रिणीनं, तिच्या मामाच्या गावालाही मामा तलाव आहे म्हटल्यावर, मी तिच्याशी चार दिवस बोलले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलं की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावायचं. एका अंगाला धान पिवळं होत आलेलं आणि दुसऱ्या अंगाला पाणी. पाणी सुरू कुठे होतं ते कळायचं नाही, कारण काठाला या काड्या गच्च. मामेभाऊ गुडघाभर पाण्यात शिरून मुठीनं काड्या तोडून आणायचा. एकेकाला एक काडी. बुडाकडून अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायची आणि दाबत दाबत टोकाकडे जायचं. टप्. टप्. टप्. काडीच्या आत आडवे पडदे असतात, थोड्या थोड्या अंतरावर, बांबूच्या पेरांसारखे. पण बाहेरून कळतही नाहीत. उजेडासमोर धरली तर फूटपट्टीवरच्या रेघांसारखे दिसतात. दोन पडद्यांमधली हवा दाबली की फुटते. ज्याच्या काडीचे आवाज जास्त, तो जिंकला. मामेभाऊ नेहमी जिंकायचा, कारण तो तोंडानं पण टप् करायचा. हे मला पंचवीस वर्षांनी, त्याच्या लग्नाच्या पंगतीत, त्याच्याच तोंडून कळलं.

ती हवा आमच्या खेळासाठी नव्हती, हेही उशिराच कळलं. चिखलात हवा शिरत नाही, मुळं गुदमरतील. म्हणून वरची हवा काडीकाडीतून खाली पोचवायची सोय असते. आम्ही दिवाळीभर मुळांचा श्वास फोडत बसायचो.

मधल्या काळात तलाव गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण बेशरम नावाच्या माजोरी झुडपानं भरला. बेशरम ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलंय. काड्या नाहीत, मासोळी नाही, मामी म्हणायची, धुणं धुवायलाही जागा नाही. पुढे त्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाची माणसं आणि गावोगावच्या ढीवर बाया कामाला लागल्या. मासोळी धरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे तलावात कुठलं गवत असलं की कुठली मासोळी राहते हे त्यांना तोंडपाठ. बेशरम उपटली, तळ नांगरला आणि त्यात पाणवनस्पती लावल्या. खोल पाण्यातल्या वेगळ्या, तरंगणाऱ्या वेगळ्या, काठाच्या वेगळ्या. काठाच्यांमध्ये ही आमची काडी. मी मामाला विचारलं, गवत लावतात? तो म्हणाला, ‘धान लावते तसंच लावते जी लोक. हसू नोको.’

मी हसले नाही. पुढच्या खेपेला पिशवी घेऊन गेले. काठावर एक ढीवरीण काकू जाळं आवरत होत्या. त्यांनी मला चिखलासकट चार रोपं काढून दिली आणि पैसे विचारल्यावर अशा नजरेनं बघितलं की मी पर्स बंद केली. ‘नागपूरले नेऊन काय करता जी याचं?’ म्हणाल्या. उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

निगा म्हणाल तर काही नाही. बुड पाण्यात आणि डोकं उन्हात, एवढंच तिचं मागणं. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा सकाळी भरलेला टब संध्याकाळी बोटभर उतरलेला असतो. तेवढं पाणी घालायचं. काडी कापायची झाली तर पाण्याच्या वर कापायची, खाली कापली की नळीतून पाणी थेट आत उतरतं. काकूंनी, देव त्यांचं भलं करो, वर कापली होती. चिखलाखालून ती धुमारे सोडत जाते आणि वीतभर अंतरावर नवी काडी वर येते. टबाच्या कडेला आपटली की वळते. त्यामुळे माझ्या काड्या टबाच्या काठाकाठानं गोल उभ्या आहेत, मधे मोकळं. भोंडल्याला उभ्या राहिल्यासारख्या. मधे बदक.

खरी कटकट डासांची. पावसाळ्यात घरोघर साचलेलं पाणी तपासणारी मुलगी येते. तिनं टॉर्च मारून टब बघितला आणि म्हणाली, ‘मॅडम, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो.’ तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण दलदलीनं कोरडा दिवस कसा पाळायचा? मी काकुळतीला येऊन हे समजावत होते आणि ती बिचारी माझ्याकडे बघत होती. शेवटी तिनंच तोडगा काढला आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून सहा गप्पी मासे आणून सोडले. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. इतकी धडपड करून अस्सल गावरान तलाव उभा केला आणि राखणीला साहेब ठेवले. पण एकही अळी ठेवत नाहीत, हे कबूल करायला हवं.

काकूंना मी खरं सांगितलं ते आषाढी झाल्यावर. वारीहून टीव्हीसमोरच परतल्या होत्या, मन प्रसन्न होतं. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग झुणका आठवून त्यांनी तोंडावर पदर धरला. मग एकदम म्हणाल्या, ‘म्हणजे नवमीला मी कांदा खाल्लाच नाही!’ त्याचं त्यांना पाप वाटलं की पुण्य, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

थंडीत काड्या पिवळ्या पडायला लागल्या. सतरा, अकरा, चार. मी कॅलेंडरवर लिहिणं बंद केलं. संक्रांतीनंतर एका रविवारी दुपारी ह्यांनी टबाकडे बघून ‘आता तरी?’ असं विचारलं, आणि मी काही न बोलता चिखलात हात घातला.

बोटांना गोट्या लागल्या. काळपट तपकिरी, बोराएवढ्या, डोक्यावर शेंडी. धुऊन ओळीनं मांडल्या, नऊ निघाल्या. लेकीला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, ‘आई, हे तर चायनीजमधलं वॉटर चेस्टनट!’ ते पांढरे करकरीत काप, ग्रेव्हीत शिजूनही कच्चेच लागणारे. खरंच तेच ते. चिनी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवून मोठं केलेलं, आपलं तळ्याकाठी बोराएवढंच राहिलेलं. एक सोलून मी दातांखाली धरलं. कट्‌ झालं. ओल्या खोबऱ्याच्या जवळपासचं काहीतरी, आणि मागून चिखल.

काकू आल्याच. त्यांनी एक उचलून वास घेतला.

‘शिंगाडाच ना गं हा?’

‘नाही काकू. शिंगाड्याचा वेल असतो, तो पाण्यावर पसरतो. हा चिखलातला.’

‘पण पाण्यातलाच की. मग उपासाला चालत असेल.’

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. शिंगाडा चालतो, रताळं चालतं, परदेशातून आलेला बटाटा चालतो, साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको. मग हा का नको? ह्यांचं मत पडलं की जो पदार्थ कुणाला ठाऊकच नाही तो चालतोच. काकूंना ते पटेना. कुणीतरी जाणत्यानं सांगायला हवं होतं. मी मामाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मामा आता ऐंशीचा आहे, फोनवर ओरडून बोलतो.

‘मामा, ते काठाच्या काड्यांचे कांदे असतात ना खाली, काळे?’

‘हावो, असते नं.’

‘ते तुमच्याकडे उपासाला खायचे का?’

तिकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला.

‘उपासाले नाही व माय,’ मामा म्हणाला. या वेळी ओरडला नाही. ‘उपाशी असल्यावर. धान नाही झालं त्या साली बुढी आमाले घेऊन जाये तलावात. खणून आणो.’

बुढी म्हणजे माझी आजी. तिच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

काकूंनी हातातला कंद ओळीत परत ठेवला. आठच होते, एक मी चव बघायला खाल्ला होता.