तुम्ही विचारलंत म्हणून : लहान मुलाला रक्ताचा कर्करोग कशामुळे होतो?

सांगली-मिरजेत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बोन मॅरोचा (हाडांतल्या मगजाच्या तपासणीचा) अहवाल आलेला असतो, मुलाचे वडील बाहेर फोनवर पैशांची जुळवाजुळव करीत असतात आणि आई हळूच विचारते, "डॉक्टर, काय चुकलं ओ आमचं?" मी उत्तर देण्याआधीच तिच्या मनात संभाव्य कारणांची रांग लागलेली असते : गरोदरपणी द्राक्षबागेत केलेली विरळणी, घरामागचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, शाळेजवळचा मोबाइलचा टॉवर, दीड वर्षाचा डोस, दुकानातली खाऊची पाकिटे, कधी ग्रहणाच्या वेळी चिरलेली भाजी. घरातल्या आणि शेजारपाजारच्या लोकांनी त्यात आपापली भर घातलेली असते आणि त्या सगळ्याचा रोख बहुधा आईकडेच असतो.

उत्तर आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे देतो. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत आजाराचे नेमके कारण आज कोणत्याही डॉक्टरला दाखवता येत नाही. आणि अमुक एक गोष्ट आईने केली किंवा केली नाही म्हणून हा आजार झाला, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. धीर द्यायचाच असता, तर अनेकांना न आवडणारा पुढचा तपशील मी वगळला असता.

मुलांमधील ल्युकेमियापैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना ज्याला डॉक्टर ए.एल.एल. (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) म्हणतात तो प्रकार असतो आणि तो दोन ते पाच वर्षे या वयात सर्वाधिक आढळतो. या वयावरूनच बरेच काही समजते. तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगामागे वर्षानुवर्षांचे सेवन असते. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एवढा काळच गेलेला नसतो. त्यामुळे आजाराची पहिली पायरी जन्माआधीच घडत असावी असा तर्क होता आणि तो पुढे अनेक मुलांच्या बाबतीत खरा ठरला. काही देशांत नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्त कागदावर वाळवून जपून ठेवतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे असे जुने कागद तपासले, तेव्हा त्यांतल्या अनेकांत आजाराच्या पेशींमधला जनुकीय बदल जन्माच्या वेळीच हजर होता. तसा बदल साधारण शंभर नवजात बालकांपैकी एकात आढळतो आणि त्या बालकांपैकीही शंभरात एखाद्यालाच पुढे आजार होतो. म्हणजे पहिल्या बदलानंतर आणखी काही घडावे लागते. आपल्याकडच्या बागायतदाराला हे चटकन कळते : डावणी या द्राक्षावरच्या रोगाचे बीज बागेत असतेच, पण छाटणीनंतर पाऊस आणि दमट हवा आली तरच ती बागेत पसरते. पेशी विभागताना होणारा तो पहिला बदल बहुतांशी आपोआप, योगायोगाने घडतो. त्याला आईचे खाणेपिणे, तिचे काम किंवा तिची चिंता यांची गरज लागत नाही.

ज्यांच्याबद्दल खात्रीने बोलता येते अशी कारणे मोजकी आहेत. पहिले कारण म्हणजे आयनकारी किरणोत्सर्ग, म्हणजे एक्स-रे किंवा अणुबॉम्बमधून निघणारे, पेशींना इजा करू शकणारे किरण. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडल्यानंतर काही वर्षांतच तिथल्या वाचलेल्या लोकांत ल्युकेमिया वाढला आणि लहान वयात किरण लागलेल्यांमध्ये तो अधिक दिसला. मात्र त्या लोकांना नंतर झालेल्या मुलांमध्ये अशी वाढ आढळली नाही. इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ आणि १९५८ मध्ये दाखवून दिले, की गरोदरपणी आईच्या पोटाचे एक्स-रे काढले असतील तर मुलाला कर्करोग होण्याचा धोका वाढतो. त्या काळी असे एक्स-रे सर्रास काढले जात, त्यामुळे त्यांचे म्हणणे मान्य व्हायला बराच काळ लागला. ही वाढ पुढे सुमारे ४० टक्के धरली गेली. आज गरोदरपणात सोनोग्राफी करतात आणि ती ध्वनिलहरींवर चालते, तिच्यामुळे ल्युकेमिया होतो असे दिसलेले नाही, तेव्हा "सोनोग्राफी जास्त झाल्या का?" या प्रश्नाचे उत्तर मी निःशंकपणे "नाही" असे देतो. मुलाचा सी.टी. स्कॅन गरज असेल तर जरूर करावा, पण पडल्यावर केवळ मनाच्या समाधानासाठी डॉक्टरांकडे त्याचा आग्रह धरू नये.

दुसरे खात्रीचे कारण डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणे. या मुलांना ल्युकेमियाचा धोका इतर मुलांच्या मानाने दहा ते वीस पट असतो आणि पहिल्या चार वर्षांत तो विशेष जाणवतो. त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात जन्मतःच ल्युकेमियासारख्या पेशी दिसतात, त्या बहुधा काही महिन्यांत आपोआप नाहीशा होतात, परंतु थोड्या मुलांना पुढे खरा आजार होतो. म्हणून अशा बाळाची रक्ततपासणी जन्मानंतर लगेच आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तशी करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. याखेरीज फॅन्कोनी ॲनिमिया, ली-फ्रॉमेनी सिंड्रोम यांसारखे काही दुर्मीळ जनुकीय आजार आणि आधीच्या कर्करोगासाठी घेतलेली काही केमोथेरपीची औषधे यांनीही धोका वाढतो.

आता आपल्या जिल्ह्याचा प्रश्न. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या भागांतून येणारे पालक विचारतात, की बागेला मारलेल्या औषधामुळे हे झाले का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असे दिसते, की गरोदरपणात घरामध्ये कीटकनाशके वापरली गेली असतील तर मुलाला ए.एल.एल. होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असतो आणि गरोदरपणी आईचा कामाच्या ठिकाणी कीटकनाशकांशी संबंध आला असेल तर ए.एम.एल. (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) या दुसऱ्या प्रकाराचा धोका जवळजवळ दुप्पट आढळतो. पण या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्या देशांत कर्करोगाची नोंद काटेकोर होते, तिथे दरवर्षी एक लाख मुलांमागे साधारण चार ते पाच मुलांना ल्युकेमिया होतो. चारमध्ये ४० टक्के वाढ झाली तर आकडा सहाच्याही आत राहतो. ए.एम.एल. तर मुळातच याहून बराच दुर्मीळ आहे. म्हणजे बागेत राबलेल्या जवळजवळ सगळ्या आयांची मुले या आजारापासून दूर राहतात, आणि ज्या घरात फवारणीचा पंप कधी आला नाही त्या घरातल्या मुलालाही तो होतो.

दुसरी अडचण आठवणीची आहे. या अभ्यासांत बहुधा आजारी मुलाच्या आणि निरोगी मुलाच्या आईला तीन-चार वर्षांमागच्या गोष्टी विचारल्या जातात. जिचे मूल आजारी आहे ती रात्र-रात्र जागून प्रत्येक दिवस आठवत असते. जिचे मूल अंगणात खेळत आहे तिला झुरळांचे औषध कोणत्या महिन्यात मारले हे आठवण्याचे कारणच नसते. त्यामुळे या संबंधाला संशय म्हणावे, सिद्ध झालेले कारण म्हणू नये, असे माझे मत आहे. मात्र एवढा संशयसुद्धा काळजी घेण्यास पुरेसा आहे, विशेषतः या काळजीला खर्च येत नाही आणि इतर अनेक अपाय त्याने टळतात म्हणून. गरोदर बाईने औषध कालवू नये, फवारणी चालू असताना आणि त्यानंतर सांगितलेल्या मुदतीत बागेत जाऊ नये. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय मुलाला उचलून घेऊ नये. ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. औषधे झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत आणि त्यांचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत. ही जबाबदारी मजूर बाईवर टाकून चालणार नाही. रोजगार बुडेल म्हणून ती गरोदरपण लपवते, हे मी पाहिले आहे. तिला बागेबाहेरचे काम देणे बागायतदाराच्या हातात असते.

वडिलांच्या धूम्रपानाचाही अशाच प्रकारचा, थोडासा संबंध दिसला आहे. विडी-सिगारेट सोडण्यासाठी याशिवाय इतर पुष्कळ कारणे आहेतच.

विजेच्या तारांबद्दल १९७९ पासून संशोधन चालू आहे. अतिशय तीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या मोजक्या घरांत धोका काहीसा जास्त दिसला, म्हणून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला "कदाचित कारक" या गटात ठेवले. पण ते कसे घडत असेल हे कोणालाही दाखवता आलेले नाही आणि बहुतेक घरांत तेवढे क्षेत्र नसते. लसींमुळे ल्युकेमिया होतो असा पुरावा नाही, त्यामुळे धाकट्या भावंडांचे डोस कृपा करून थांबवू नका. पडल्यामुळे किंवा मार लागल्यामुळेही हा आजार होत नाही; रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात, म्हणून साध्या धक्क्यानेही अंगावर निळे डाग उठतात आणि मग घरातले लोक त्या पडण्यालाच कारण समजतात.

संसर्गाचा मुद्दा जरा वेगळा आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांनी असे मांडले आहे, की पहिल्या वर्षात मुलाचा साध्यासुध्या जंतूंशी फारसा संबंध आला नाही, तर पुढे झालेल्या एखाद्या संसर्गाला त्याची प्रतिकारशक्ती अवाजवी प्रतिसाद देते आणि जन्मापासून दबून असलेल्या त्या पेशीत दुसरा बदल घडू शकतो. लहानपणी पाळणाघरात राहिलेल्या आणि सहा महिने किंवा अधिक काळ आईचे दूध मिळालेल्या मुलांत हा आजार काहीसा कमी दिसतो, ही गोष्ट या मांडणीशी जुळते. पण यातून आईच्या माथी नवा दोष मारू नये. दूध कमी आले म्हणून मुलाला ल्युकेमिया झाला, असे कोणत्याही एका मुलाबद्दल म्हणता येत नाही.

शेवटी भावंडांविषयी, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. ल्युकेमिया स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एकत्र झोपल्याने पसरत नाही. सख्ख्या भावंडांचा धोका इतर मुलांपेक्षा किंचित जास्त असला तरी तो मुळातच इतका थोडा आहे, की लक्षणे नसताना त्यांचे रक्त पुन्हापुन्हा तपासण्याची गरज नाही. एकसारख्या जुळ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. गर्भात दोघांची वार एकच असेल तर एकाच्या रक्तातील बदललेल्या पेशी दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात; एकाला पहिल्या वर्षातच आजार झाला तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता फार मोठी असते आणि वय वाढत जाते तशी ती कमी होते. अशा जुळ्यातील दुसऱ्या मुलाला त्याच दिवशी तपासून घ्यावे. कुटुंबात लहान वयात वेगवेगळे कर्करोग झालेल्या व्यक्ती असतील, तर जनुकीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला भेटावे. पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या बाकीच्या आईवडिलांना मी सांगतो, की या आजाराच्या भीतीने तो विचार सोडण्याचे कारण नाही.