गाळात सापडलेलं प्रथिन

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी बीटी प्रथिनावर काम केलं. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणजेच बीटी) या जिवाणूचं क्राय१एसी नावाचं जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या जिवाणूमध्ये घालायचं आणि त्याच्याकडून अळीमारक प्रथिन बनवून घ्यायचं, एवढंच. असं जनुक ई. कोलायमध्ये पहिल्यांदा गेलं ते १९८१ साली, आणि आपल्याकडे बीटी कापसाला मंजुरी मिळाली २००२ मध्ये. तरी आपल्या हाताने करताना सगळं नव्यानेच शिकावं लागतं.

जैवसुरक्षा समितीची मंजुरी, जनुक प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात) जोडणं, कॉलन्या तपासणं हे सुरळीत पार पडलं. अडलं पुढे. आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) घालून पेशी वाढवायच्या, फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर चालवायचं. आमच्या प्रथिनाचा पट्टा दिसायला हवा सुमारे १३० किलोडाल्टन वजनाच्या जागी. तिथे काहीच नाही! तापमान उतरवलं, आयपीटीजी कमी केलं. जुलैचा पाऊस, हार्बरच्या गाड्या खोळंबलेल्या, रात्री दहाला चेंबूरला घरी पोचायचे. तीन आठवडे असे गेले.

मग माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "अगं, गाळाचं काय करतेस?"

"ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून टाकून देते."

"तोच तर तुझा माल!"

हे प्रथिन मूळ जिवाणूतही स्फटिक होऊनच राहतं, साध्या पाण्यात विरघळत नाही. ई. कोलायमध्येही त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या गाळात बसतात. सामू (पीएच) १०.५ असलेल्या, म्हणजे अल्कधर्मी, कार्बोनेट बफरमध्ये, थोडं डीटीटी (प्रथिनातले गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) घालून, तो गाळ विरघळला आणि पट्टा जेलवर ठसठशीत उमटला. अळीच्या आतड्यातही असंच अल्कधर्मी वातावरण असतं. तिथे स्फटिक विरघळतो, तिचीच पाचक द्रव्यं प्रथिन कापतात, उरलेला तुकडा आतड्याच्या पेशींना चिकटून भोकं पाडतो. आपलं जठर आम्लधर्मी, आणि हे प्रथिन जिथे चिकटतं त्या जागाही आपल्या आतड्यात नाहीत. पुस्तकात हे दोनदा वाचलं होतं; कळलं त्या दिवशी.

शेवटी घाटेअळीवर चाचणी. चेंबूरच्या गिरणीतून हरभरा दळून आणला, अगारमध्ये (शेवाळापासून मिळणाऱ्या घट्ट करणाऱ्या पदार्थात) खाद्य शिजवलं. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप. नुसत्या बफरच्या कपांत चौथ्या दिवशी अळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. प्रथिनाच्या कपांत खाद्य जवळजवळ तसंच होतं, आणि अळ्या बारीक, काळवंडलेल्या.