कपाटावरचा सर्व्हर

सकाळी पुन्हा सर्व्हर बंद. सर्व्हर म्हणजे कपाटावरचा माझा जुना ४ जीबीचा लॅपटॉप. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा त्यावर डेबियन (फुकटची लिनक्स सिस्टीम) टाकलं आणि घरचे फोटो नेक्स्टक्लाऊडवर (आपल्याच सर्व्हरवर फाईली-फोटो ठेवायचं सॉफ्टवेअर) आणले. लॉग (सर्व्हरच्या नोंदी) चाळले तर ओळ सापडली: 'लिड क्लोज्ड'. आईला विचारलं. "धूळ बसत होती, म्हणून झाकण मिटलं की!" आता लॉगइनडीच्या कॉन्फमध्ये (सेटिंगच्या फाईलमध्ये) हँडललिडस्विच 'इग्नोर' केलंय, म्हणजे झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही. मिटा खुशाल.

दुपारी लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर ठणठणीत, पण राउटरच मेला! (सोलापुरात आधी राउटरला यूपीएस घ्यावा, मग सर्व्हरचं बघावं.) आमचा नेटवाला सीजीनॅटवर, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून उपयोग शून्य. त्यामुळे बाहेरून बघायला टेलस्केल (आपलीच उपकरणं जोडणारं खाजगी नेटवर्क) टाकलं, ते मात्र दहा मिनिटांत जमलं.

संध्याकाळी आईनं फोनवर गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजांचे फोटो उघडले.
"हे आपल्या कपाटावरून येतंय?"
"हो."
"मग त्यावर फडकं तरी टाकते."
"नको गं आई, आधीच तापतंय ते!"