सहा दिवस, दोन स्टीलच्या फ्रेम : माप आणि वजन कसे निवडावे

मी आणि माझा एक सोबती, आम्ही दोघांनी सामानासह सायकलवरून सहा दिवसांत ४८० किलोमीटरचा प्रवास केला. पहिले दोन दिवस रस्ता जवळजवळ सपाट होता, तिसऱ्या दिवशी एक मोठा डोंगर चढून उतरायचा होता आणि पुढचे तीन दिवस पठारावरचे लहान लहान चढउतार होते. दोघांच्याही सायकली स्टीलच्या होत्या. मात्र त्यांच्या फ्रेममध्ये फार फरक होता, आणि चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्या आपसांत बदलल्या. त्यामुळे एकाच प्रवासात मला दोन मापांचा आणि दोन वजनांचा अनुभव घेता आला. सामान बांधून लांब जाण्यासाठी स्टीलची फ्रेम शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

माझी उंची १७० सेंटीमीटर आहे आणि पायाची आतली लांबी, म्हणजे अनवाणी उभे राहून मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर, ७९ सेंटीमीटर आहे. माझी सायकल मूळची शर्यतीसाठी घडवलेली होती. तिची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची उभी नळी, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाच्या, मध्यापासून वरच्या टोकापर्यंत ५६ सेंटीमीटर, वरचा आडवा दांडा म्हणजे टॉप ट्यूबही ५६ सेंटीमीटर, आणि पुढचे चाक धरणारा चिमटा वगळून फ्रेमचे वजन १.९५ किलो होते. सोबत्याची उंची १७८ सेंटीमीटर असून त्याची फ्रेम ५३ सेंटीमीटरची, साडेत्रेपन्नच्या टॉप ट्यूबची, लांबच्या प्रवासासाठी केलेली आणि २.७५ किलो वजनाची होती. दोन्ही फ्रेम मिळतील तशा घेतलेल्या होत्या. मी हलकेपणाला भुललो होतो, त्याला सायकल भक्कम हवी होती, आणि मापाचा विचार आमच्यापैकी एकानेही नीट केलेला नव्हता. सामानातही समानता नव्हती : मागच्या कॅरिअरवर माझे १७ किलो, तर त्याचे फक्त ६ किलो.

चुकीचे माप पहिल्याच दुपारी जाणवू लागले. सुमारे साठ किलोमीटर झाल्यावर माझ्या दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर झाली. हँडल लांब पडत असल्यामुळे मी खांदे पुढे ताणून, कोपर ताठ ठेवून तळहातांवर भार टाकत होतो. सीट पुढे सरकवून पाहिली, तर गुडघे पायडलच्या फार पुढे येऊ लागले आणि हातांवरचा भार उलट वाढला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते : सीटची जागा पायांच्या हिशेबाने ठरते, हँडल जवळ आणण्यासाठी ती हलवू नये. हँडलचे अंतर थोडेफार जुळवायचे असेल तर स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदलावा, आणि दोन सेंटीमीटर आखूड स्टेमनेही भागत नसेल तर ती फ्रेम आपल्या मापाची नाही असे समजावे.

सोबत्याची अडचण नेमकी उलटी होती. त्याला सीट पोस्ट, म्हणजे सीट धरणारी दांडी, इतकी वर काढावी लागली होती की कमाल उंचीची खूण सीट ट्यूबच्या तोंडाशी आली होती. हँडल सीटपेक्षा नऊ सेंटीमीटर खाली राहिले होते आणि जुन्या पद्धतीचा स्टेमही त्याच्या खुणेपलीकडे वर घेता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला मान वळवणेही अवघड झाले. या दोन्ही खुणा अत्यंत गांभीर्याने घ्याव्यात, कारण पोस्ट किंवा स्टेम त्याहून वर काढल्यास आतला आधार अपुरा पडतो आणि भाग मोडू शकतो.

सायकलच्या मापाचा आकडा म्हणून सीट ट्यूबची लांबी सांगण्याची प्रथा आहे, पण ती बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून काही ठिकाणी टॉप ट्यूबच्या मध्यापर्यंत आणि काही ठिकाणी सीट ट्यूबच्या टोकापर्यंत मोजतात, आणि एवढ्यानेच दीड-दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. पायाच्या आतल्या लांबीला ०.६५ ने गुणले की मध्य-ते-मध्य आणि ०.६७ ने गुणले की मध्य-ते-टोक असे साधारण माप मिळते. माझ्यासाठी ते अनुक्रमे ५१.४ आणि ५२.९ येते. बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या माथ्यापर्यंतच्या उंचीसाठी अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला ०.८८३ हा गुणक वापरला तर माझी सीट ६९.८ सेंटीमीटरवर येते. हे गुणक सुरुवातीसाठी चांगले आहेत, पण ते पायांची लांबी पाहतात. धड आणि हात त्यांच्या हिशेबात नाहीत. सीट थोडी वरखाली करता येते, टॉप ट्यूबची लांबी मात्र जन्माची ठरलेली असते, आणि म्हणून माझ्या मते फ्रेम निवडताना टॉप ट्यूब आधी मोजावी.

ती मोजतानाही सीट ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन लक्षात घ्यावा लागतो. ७० सेंटीमीटर उंचीच्या सीटसाठी कोनात एका अंशाचा फरक म्हणजे सीटच्या जागेत सुमारे १.२ सेंटीमीटरचा फरक. त्यामुळे ७४ अंशांच्या फ्रेमची टॉप ट्यूब ७२ अंशांच्या फ्रेमइतकीच असली, तरी गुडघे योग्य जागी आणण्यासाठी सीट मागे घेतली की ती प्रत्यक्षात अडीच सेंटीमीटरने लांब ठरते. टॉप ट्यूब उतरती असेल तर तिची स्वतःची लांबी उपयोगाची नाही; हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीच्या, वरच्या टोकापासून सीट पोस्टपर्यंत जमिनीला समांतर दोरी धरून मोजावे.

तिसऱ्या दिवशीच्या चढाची वजनाच्या दृष्टीने मला उत्सुकता होती. चढ ९ किलोमीटरचा, सरासरी ६ टक्क्यांचा होता आणि मला ७० मिनिटे लागली. मी, सायकल आणि सामान मिळून एकूण वजन १०० किलोच्या आसपास होते. फ्रेम ८०० ग्रॅमने जड असती तर एकूण वजन ०.८ टक्क्याने वाढले असते आणि तेवढ्याच जोराने पायडल मारून मला साधारण अर्धा मिनिट अधिक लागला असता. ज्या अर्ध्या मिनिटासाठी मी ती फ्रेम निवडली होती, त्याची किंमत उतारावर मोजावी लागली.

उतार सरळ आणि चांगल्या डांबराचा होता. वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास गेला तेव्हा हँडल हलकेच थरथरू लागले, आणि दोन-तीन सेकंदांत पुढचे चाक डावी-उजवीकडे एवढ्या जोरात हेलकावू लागले की टॉप ट्यूब माझ्या मांड्यांवर आपटत होती. हँडल घट्ट धरल्यावर ते वाढले. मी दोन्ही गुडघे टॉप ट्यूबवर दाबले, सीटवरचा भार उचलून पायडलवर घेतला आणि मागचा ब्रेक हळूहळू लावला, तेव्हा कुठे थरथर थांबली. असा प्रसंग कोणावर आला तर हाच क्रम आठवावा, आणि हँडल आवळून धरण्याचा मोह टाळावा.

संध्याकाळी खोगिरासारख्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या उतरवताना त्या थरथरीमागची कारणे उलगडली. माझ्या फ्रेमची चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतची नळी, फक्त ४१ सेंटीमीटरची होती. टाचा पिशव्यांना लागत होत्या, म्हणून मी पिशव्या मागे सरकवल्या होत्या आणि सगळा भार मागच्या आसाच्याही मागे गेला होता. फ्रेमला कॅरिअरसाठी आटे नव्हते. कॅरिअर पट्ट्यांनी आवळलेला होता आणि स्वतःच थोडा डोलत होता. त्यात नळ्या बारीक, पातळ, आणि टॉप ट्यूब लांब. पिळाला अशी फ्रेम सहज वळते, आणि मागे लटकलेले ओझे तिला झोके देते.

नळ्यांबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण फ्रेमवरचा शिक्का पाहून बहुतेकांचा गैरसमज होतो. रेनॉल्ड्स या ब्रिटिश कंपनीची ५३१ नळी १९३५ साली आली, आणि वेल्डिंगनंतर आणखी बळकट होणारी ८५३ नळी १९९५ साली. या मिश्रधातूंच्या बळकटीत मोठा फरक आहे, पण ताठरपणा सर्व स्टीलचा जवळजवळ सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल, असतो. अधिक बळकट स्टीलमुळे नळी पातळ करता येते आणि फ्रेम हलकी होते. ताठरपणा मात्र नळीच्या व्यासावर आणि जाडीवर ठरतो. व्यासाचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. टॉप ट्यूबचा व्यास २५.४ वरून २८.६ मिलिमीटर केला आणि जाडी तीच ठेवली, तर नळीचे वजन सुमारे १३ टक्के वाढते आणि पिळाविरुद्धचा ताठरपणा ४३ टक्के. त्याबरोबर मधल्या भागाची जाडी ०.६ वरून ०.८ मिलिमीटर केली तर ताठरपणा जवळजवळ १.९ पट होतो. ओझे वाहणाऱ्या फ्रेमचे जास्तीचे वजन अशा ठिकाणी गेलेले असेल तर ते सत्कारणी लागले म्हणावे.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पायडल काढली (डावे पायडल उलट आट्याचे असते, हे घाईत विसरू नये) आणि सीटही पोस्टसकट बदलायला घेतल्या. माझी २७.२ मिलिमीटरची पोस्ट त्याच्या फ्रेममध्ये शिरेना. त्याची २६.८ ची होती, आणि बाहेरून दोन्ही सीट ट्यूब २८.६ मिलिमीटरच होत्या. म्हणजे माझ्या नळीची जाडी तोंडाशी ०.७ मिलिमीटर आणि त्याच्या नळीची ०.९ मिलिमीटर. फ्रेम न तोडता तिच्या नळ्यांचा अंदाज घेण्याची ही फार चांगली रीत आहे. जुन्या फ्रेंच फ्रेमची सीट ट्यूब बाहेरून २८ मिलिमीटर असते, म्हणून आधी बाहेरचा व्यास मोजावा आणि मगच पोस्टच्या आकड्यावरून तर्क करावा. शेवटी आम्ही पोस्ट तशाच ठेवून फक्त सीट बदलल्या.

त्या दिवशी चाळीस किलोमीटरनंतर मला बोटांची आठवण झाली, आणि ती बधिर नव्हती. लांब चेनस्टेमुळे पिशव्या आसाच्या जरा पुढे बसल्या आणि पाचव्या दिवशीच्या लहान उतारांवर सायकल सरळ रेषेत चालली. सोबत्याचे हँडल आता सीटपेक्षा फक्त चार सेंटीमीटर खाली होते आणि सहा किलोच्या ओझ्याने ती हलकी फ्रेम कोठेही थरथरली नाही. त्याला ती इतकी आवडली की ती वाईट होती असे मी म्हणू शकत नाही. ती माझ्या उंचीसाठी आणि माझ्या सामानासाठी नव्हती. नव्या सायकलचा एक दोष मलाही आढळला : अगदी सावकाश वळताना माझ्या बुटाचे टोक पुढच्या मडगार्डला घासत होते. मोठ्या चाकांच्या लहान फ्रेममध्ये हे होतेच. सरळ रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, पण चढाच्या आखूड वळणांवर सवय होईपर्यंत जपावे.

‘फ्रेम थोडी मोठी असली तरी चालते’ हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि सामान लादणाऱ्यासाठी तो मला मुळीच पटत नाही. ५६ च्या फ्रेमवर टॉप ट्यूब जमिनीपासून ८०.५ सेंटीमीटरवर होती. बूट घालूनही माझ्याकडे जेमतेम अर्धा सेंटीमीटर उरत होता आणि चढावर थांबताना भरलेली सायकल कलली की पाय टेकवणे धोक्याचे होत होते. ५३ च्या फ्रेमवर साडेतीन सेंटीमीटर उरले.

परतल्यावर मी स्वतःसाठी फ्रेम शोधली. वापरलेली फ्रेम असल्यामुळे प्रथम डाऊन ट्यूबच्या, म्हणजे हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या नळीच्या, खालच्या बाजूवर, हेड ट्यूबच्या लगेच मागे, बोट फिरवले. समोरून धडक बसलेली असेल तर तेथे डोळ्यांना न दिसणारा फुगवटा बोटाला लागतो आणि रंगाला आडवी चीर असते. नंतर मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेला, दोरी बांधली, ती हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणली आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर पट्टीने मोजले. एका बाजूला ३१ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ३२. एवढा फरक चालतो. सीट ट्यूब ५३, टॉप ट्यूब ५३.५, चेनस्टे ४४.५ सेंटीमीटर, डाऊन ट्यूब ३१.८ मिलिमीटर व्यासाची, कॅरिअरसाठी मागे-पुढे आटे, आणि सामानाच्या वजनकाट्याला टांगल्यावर नुसती फ्रेम २.४५ किलो भरली.